‘कातीव’ आणि ‘कातणे’ : कारागिराच्या कार्यशाळेतील प्रेक्षकाविषयी

मराठी समीक्षेला ‘कातीव’ हे विशेषण चांगलेच प्रिय आहे. अमुक लेखकाची शैली कातीव आहे, तमुक शिल्पातील देह कातीव आहे, असे आपण सहज लिहून जातो आणि वाचकालाही त्यात काही अडत नाही. परंतु हे विशेषण ज्या क्रियापदातून निघाले, ते ‘कातणे’ मात्र त्याच्या एका मूळ अर्थाने आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. सूत कातणे सर्वांस ठाऊक आहे. लाकूड कातणे म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला उलगडून सांगावे लागते. फिरत्या लाकडाला धारदार हत्यार लावून त्याला गोल, गुळगुळीत आकार देणे, हे लाकूड कातणे होय. आणि हे काम करणारा तो कातारी. लाटणे, पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे खूर, बुद्धिबळाची प्यादी, सारीपाटाच्या सोंगट्या आणि मुलांचा भोवरा या त्याच्या हातच्या वस्तू. त्या आपल्या घरात आहेत. त्या घडविणारी क्रिया मात्र शब्दासकट दृष्टीआड झाली आहे.

विशेषण उरावे आणि क्रियापद विसरले जावे, ही घटना केवळ कोशकाराने टिपून ठेवावी एवढ्याच मोलाची नाही. खेड्यापाड्यांतील कारागिरांच्या कार्यशाळा पाहुण्यांसाठी खुल्या करण्याची जी प्रथा अलीकडे सर्वत्र रूढ होत आहे, तिचे परीक्षण करण्यास या घटनेचा चांगला उपयोग होतो. कार्यशाळेत आलेल्या पाहुण्याला आपण ‘कातीव’ दाखवितो की ‘कातणे’ दाखवितो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या विषयावर आजवर जे बोलले जाते, त्यात दोन पक्ष ठळकपणे दिसतात. एका पक्षाच्या मते प्रेक्षक आला की कला बाटते. कारागीर खऱ्या कामापेक्षा दिखाऊ कामाकडे वळतो. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रेक्षक हाच आता कारागिराचा तारणहार आहे. जुने गिऱ्हाईक कारखान्यात तयार झालेल्या मालाकडे गेल्यावर नवे गिऱ्हाईक कार्यशाळेच्या दारातूनच येणार. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. दोघांनाही प्रेक्षक हा केवळ ग्राहक वाटतो. एकाला तो वाईट वाटतो, दुसऱ्याला चांगला, इतकाच फरक. प्रेक्षक हा वाचकही असू शकतो, त्याच्यापुढे मांडलेली कार्यशाळा ही एक संहिता असते आणि संहितेप्रमाणेच तिच्यातही काही सांगितलेले, काही वगळलेले असते, ही बाजू दोघांच्याही ध्यानात येत नाही.

प्रथम क्रियापदाचा विचार करू. पाणिनीय धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोन ठिकाणी आला आहे. तुदादि गणात त्याचा अर्थ छेदन, म्हणजे कापणे. रुधादि गणात त्याचा अर्थ वेष्टन, म्हणजे गुंडाळणे, पीळ देणे. मराठीत कातरणे आणि कात्री हे शब्द कापण्याशी संबंध राखून आहेत, तर सूत कातण्यात पीळ देण्याचा भाव आहे. लाकूड कातण्याच्या क्रियेत वस्तू फिरते आणि फिरता फिरताच कापली जाते. म्हणजे हे दोन्ही भाव तेथे एकत्र नांदतात. मराठी शब्द नेमका कोणत्या धातूपासून आला, याचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. या क्रियेचे स्वरूप दुहेरी आहे आणि तिच्यातील दोन घटकांपैकी एक यंत्राचा व दुसरा माणसाचा आहे, एवढेच लक्षात घ्यावयाचे. फिरणे हे लेथचे काम. कापणे हे हाताचे.

हाताच्या या कामाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ओबडधोबड ठोकळा दोन टोकांमध्ये घट्ट बसविला जातो. पूर्वी कमानीने किंवा दोरीने तो मागेपुढे फिरविला जाई. लाकूड कारागिराच्या दिशेने फिरत असतानाच हत्यार लागे आणि उलट फेऱ्यात ते किंचित मागे घ्यावे लागे. कापणे व थांबणे यांची ती एक लय होती. विजेवर चालणाऱ्या लेथने ही लय संपविली. लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू लागले, कामाचा वेग वाढला आणि त्याबरोबर चुकीचा वेगही वाढला. हत्यार टेकणीवर ठेवून त्याचा कोन साधावा लागतो. कोन जरा बिघडला की धार लाकडात रुतते व वस्तू फुटते किंवा तिच्यावर खोल चरा उमटतो. शिवाय येथे जे गेले ते परत आणता येत नाही. मातीकाम करणारा माती पुन्हा मळू शकतो. कातारी लाकूड पुन्हा जोडू शकत नाही.

इंग्लंडमधील कारागीर व अध्यापक डेव्हिड पाय यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार कल्पिले आहेत. ज्या कामात परिणाम आधीच ठरलेला असतो ती निश्चिततेची कारागिरी, आणि ज्या कामात तो शेवटच्या क्षणापर्यंत करणाऱ्याच्या विवेकावर, कौशल्यावर व सावधपणावर अवलंबून राहतो ती जोखमीची कारागिरी. हातात हत्यार धरून केलेले कातकाम हे या दुसऱ्या प्रकारात मोडते. तेव्हा कातारी काम करताना आपण ‘पाहिला’ असे म्हणावयाचे, तर ही जोखीम आपल्या नजरेस पडली पाहिजे. ती दिसली नाही, तर आपण एक फिरणारे यंत्र पाहिले आणि शेजारी बसलेला एक माणूस पाहिला, यापलीकडे काही पाहिले नाही.

आता सावंतवाडीचे उदाहरण घेऊ. या गावाची लाकडी खेळणी, ठकी, पाट, चौरंग आणि विशेषतः हुबेहूब भासणारी लाकडी फळे व भाज्या महाराष्ट्रास सुपरिचित आहेत. येथील गंजिफाही प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकूण १२० पाने असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला मावळण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यात आश्रय दिला आणि पुढे पाहुण्यांना तेथे गंजिफा रंगविणारे कलावंत प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. हे कार्य मोलाचे आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि या मांडणीचे वाचन केले असता एक गोष्ट जाणवते. दरबारगृहात पाहुण्यासमोर येतो तो कुंचला. लेथ तेथे येत नाही. याला व्यावहारिक कारणे आहेत. रंगकाम शांत, स्वच्छ आणि डोळ्यांना सुखावणारे असते. लेथपाशी आवाज, भुसा आणि धोका असतो. परंतु परिणाम असा होतो, की पाहणाऱ्याच्या मनात सावंतवाडीची कला म्हणजे रंगविण्याची कला, हे समीकरण पक्के होते. गावातील ज्या आळीत ही खेळणी विकली जातात, तिचे नाव चितार आळी. आणि हा व्यवसाय करणारे ते चितारी. वस्तुतः चितारी हा काही कुंचल्यापुरता मर्यादित नाही, लाकडाचे कामही तो जाणतो. तरी नावाने लक्षात ठेवला तो चित्राचा भाग. कातणे हे नावाआधी घडते, म्हणून ते नावात आले नाही. अशा रीतीने भाषेने जे वगळले तेच मांडणीनेही वगळले.

याच्या उलट कर्नाटकातील चन्नपट्टण येथील लाखकाम पाहावे. तेथे रंग हाच कातण्याचा पुढला टप्पा आहे. लाकडाला आकार आला, की ते लेथवरून न उतरविताच फिरत्या पृष्ठभागावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणली जाते. येथे घडविणारा आणि रंगविणारा यांची फारकत होऊच शकत नाही. त्यामुळे ज्याला रंग पाहावयाचा त्याला कातारी पाहावाच लागतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय.

पण तेथेही अडचण वेगळ्या रूपाने उभी राहते. पाहुण्यापाशी वेळ थोडा असतो; म्हणून त्याच्यासमोर काही मिनिटांत पुरी होणारी वस्तू निवडावी लागते, आणि अशी वस्तू म्हणजे बहुधा भोवरा किंवा एखादे लहानसे खेळणे. कातारी तीच वस्तू दिवसातून अनेकदा करून दाखवितो. ज्या वस्तूत त्याचा हात इतका बसला आहे की चुकण्याची शक्यताच उरलेली नाही, तीच नेमकी प्रेक्षकापुढे येते. पाय यांच्या भाषेत सांगावयाचे तर जोखमीची कारागिरी प्रेक्षकाच्या सोयीसाठी निश्चिततेच्या कारागिरीत रूपांतरित होते. पाहुणा टाळ्या वाजवितो. पण ज्यासाठी त्या वाजवाव्यात ती गोष्ट त्याच्यासमोर घडलेलीच नसते.

काम करणाऱ्या माणसाला दृश्य बनविण्याचा हा प्रकार नवा नाही. १८८६ साली लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथे वसाहतींचे व भारताचे भव्य प्रदर्शन भरले, तेव्हा तेथे भारतीय कारागीर प्रत्यक्ष काम करताना दाखविण्यात आले. खेड्यातील पिढीजात कारागीर म्हणून प्रेक्षकांनी ज्यांना पाहिले, ते प्रत्यक्षात आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातून नेलेले होते. राणी व्हिक्टोरियाच्या सांगण्यावरून रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराने त्यांतील काहींची व्यक्तिचित्रे काढली आणि ती आजही जतन केलेली आहेत. चेहरे टिकले, हात कोणते काम कोणत्या क्रमाने करीत होते, हे त्या चित्रांवरून कळत नाही. आजच्या खुल्या कार्यशाळेची त्या प्रदर्शनाशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल. आजचा कारागीर बंदी नाही, आणि दार उघडण्याचा निर्णय बहुधा त्याचा स्वतःचा असतो. तरीही एक धडा घ्यावा. माणूस समोर बसविल्याने काम समोर येतेच असे नाही.

मग कार्यशाळा खुली करू नये काय? तसे म्हणणे कारागिराच्या पोटावर पाय देण्यासारखे होईल. प्रश्न दार उघडण्याचा नसून काय व कसे मांडावे, याचा आहे. या दृष्टीने चार कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली कसोटी क्रमाची. ठोकळ्यापासून लाखेपर्यंतचे टप्पे पाहुण्याला त्याच क्रमाने दिसावेत. रंगकाम हे शेवटचे प्रकरण आहे, संपूर्ण ग्रंथ नव्हे, हे त्याला कळावे. दुसरी कसोटी अपयशाची. फुटलेली, चरा पडलेली, धार रुतून वाया गेलेली वस्तू चांगल्या वस्तूंच्या शेजारी ठेवावी. कातीव म्हणजे काय, हे बिघडलेल्या लाकडाइतके स्पष्टपणे दुसरे काहीच सांगू शकत नाही. तिसरी कसोटी मोबदल्याची. करून दाखविणे हेही काम आहे. त्यात घडणाऱ्या वस्तूच्या किमतीपेक्षा खोळंबलेल्या कामाची किंमत अधिक असते. ती विक्रीच्या आशेवर सोडून न देता वेगळी द्यावी. चौथी कसोटी बंद दाराची. ज्या दिवशी कठीण काम लेथवर चढलेले असेल, त्या दिवशी पाहुण्याला नाही म्हणण्याचा अधिकार कातारीला असावा. जो कधीच दार लावू शकत नाही, त्याची कार्यशाळा हळूहळू दुकान होते.

भाषेच्या अभ्यासकांकडेही या बाबतीत एक काम येते. व्यवसायांच्या शब्दसंग्रहाचे आपले प्रयत्न बहुधा नामांवर थांबतात. हत्यारांची नावे, वस्तूंची नावे, लाकडाच्या जातींची नावे वर्णानुक्रमे मांडली की संग्रह पुरा झाला असे आपण मानतो. परंतु व्यवसायाचे ज्ञान क्रियापदांत साठलेले असते. हत्यार कसे टेकवावे, किती दाबावे, केव्हा उचलावे, लाकूड ‘बोलू लागले’ की काय करावे, यांसाठी कारागीर जे शब्द योजतो ते वर्णानुक्रमाने नव्हे, तर कामाच्या क्रमाने नोंदले पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखाद्या कार्यशाळेत सलग काही दिवस बसून अशी नोंद केली, तर ती कोशाच्या उपयोगी पडेलच. त्याशिवाय त्याच नोंदीतून पाहुण्याला वाचावयास देता येईल असा फलकही सिद्ध होईल. आज त्या फलकावर ‘वारसा’, ‘परंपरा’, ‘कलाकुसर’ अशी नामे असतात, आणि त्या नामांना कर्ता नसतो. क्रियापद लिहिले की कर्ता लिहावाच लागतो.

कातकामाच्या कार्यशाळेचे परीक्षण करताना किती पाहुणे आले आणि किती माल खपला, हे आकडे अवश्य पाहावेत. परंतु त्यांवरून त्या कार्यशाळेची योग्यता ठरत नाही. बाहेर पडणाऱ्या पाहुण्याला हातातल्या वस्तूकडे बोट दाखवून ‘ही कशी केली’ या प्रश्नाचे एक सरळ वाक्य, कर्ता आणि क्रियापद यांसह, सांगता आले पाहिजे. ते त्याला सांगता येत असेल, तर दार उघडल्याचे सार्थक झाले असे समजावे.