सांत्वनाचा नकार आणि तारणाची आशा : 'द ब्रदर्स करमाझॉव्ह'चा एक विचार

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो सर्वथा मंगल आहे आणि तरीही निरपराध जीव दुःख भोगतात, ही तीन विधाने एकत्र कशी नांदवायची, हा प्रश्न ख्रिस्ती ईश्वरशास्त्राला आरंभापासून छळत आला आहे. लायब्निझने १७१० मध्ये या प्रश्नाला 'थिओडिसी' हे नाव दिले आणि अंशाचे अमंगल समग्राच्या मंगलात सामावते, अशा आशयाचे उत्तर मांडले. हा प्रश्न साहित्यकृतीत शिरतो तेव्हा मात्र त्याचे स्वरूप पालटते. तर्काच्या मांडणीत 'एक बालक' हे केवळ उदाहरण असते. कादंबरीत त्या बालकाला नाव असते, बाप असतो, मागे उरलेले छोटे बूट असतात. समग्राच्या हिशेबात न मावणारे हे शेष हाच कादंबरीचा खरा विषय असतो. दोस्तोव्हस्कीची 'द ब्रदर्स करमाझॉव्ह' ही या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावी लागणारी कृती होय.

ही कादंबरी १८७९–८० या काळात 'रुस्की व्हेस्तनिक' या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या पाचव्या भागातील इव्हानचे बंड आणि त्याला लागून येणारी 'ग्रँड इन्क्विझिटर'ची कथा यांनी समीक्षेचे लक्ष इतके वेधले की, हा भाग कादंबरीपासून सुटा करून वाचण्याची परंपराच निर्माण झाली. रोझानोव्हने १८९४ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले, डी. एच. लॉरेन्सने १९३० मध्ये या कथेच्या सुट्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तर काम्यूने १९५१ च्या 'द रिबेल'मध्ये इव्हानला तारण नाकारणारा बंडखोर म्हणून उभे केले. बाख्तिनची बहुस्वरतेची संकल्पना (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) इव्हानचा स्वर लेखकाच्या श्रद्धेखाली का दबत नाही, याचा उलगडा करते. परंतु स्वर समान आहेत एवढे सांगून थांबणारे वाचन एक गोष्ट नजरेआड करते. ती अशी की, इव्हानच्या प्रश्नाला या कादंबरीत जे उत्तर मिळते ते कोणत्याही एका पात्राच्या प्रतिवादात नाही. राहेल, ईयोब आणि यरुशलेम या तीन बायबली संदर्भांच्या गुंफणीत ते आहे, आणि सांत्वन नाकारण्याचा शोकाकुलाचा हक्क हे त्या गुंफणीचे सूत्र आहे.

प्रथम इव्हानचा युक्तिवाद नेमकेपणाने पाहणे आवश्यक आहे. तो ईश्वराचे अस्तित्व नाकारीत नाही. ईश्वराने निर्मिलेले जग स्वीकारण्यास तो नकार देतो. प्रौढांच्या दुःखाचा विचार तो हेतुतः बाजूला ठेवतो. कारण प्रौढांनी ज्ञानवृक्षाचे फळ चाखले आहे, बालकांनी नाही. पाच वर्षांच्या मुलीला कडाक्याच्या थंडीत रात्रभर शौचकूपात कोंडणारे आईबाप, खेळताना आपल्या लाडक्या कुत्र्याच्या पायाला दगड लागला म्हणून आठ वर्षांच्या भूदासपुत्रावर शिकारी कुत्रे सोडणारा सेनापती, अशा घटना तो एकामागून एक सांगतो. पापातील मानवी सहभागित्व त्याला समजते. पण बालकांना त्या सहभागित्वात ओढणे त्याला मान्य नाही. हा मुलगा पुढे मोठा होऊन पाप करणारच होता, या संभाव्य उत्तरावर त्याचा उपहास कठोर आहे : तो मोठा झालाच नाही. शेवटी तो एका नैतिक अडसरापाशी येऊन थांबतो. आईने स्वतःच्या दुःखाबद्दल क्षमा करावी. मुलाच्या यातनांबद्दल क्षमा करण्याचा अधिकार तिला नाही, मुलाने स्वतः क्षमा केली तरीही नाही. म्हणून अंतिम सुसंवादाच्या सोहळ्याचे आपले प्रवेशपत्र तो नम्रपणे परत करतो.

येथे एक पारिभाषिक भेद मराठी अभ्यासकाला विशेष उपयोगी पडतो. ख्रिस्ती 'साल्व्हेशन'साठी मराठी बायबलने 'तारण' हा शब्द रूढ केला. 'मोक्ष' या शब्दाने हे काम भागले नसते. मोक्षाच्या अनेक भारतीय संकल्पनांत व्यक्तित्वाचा संकोच किंवा विलय अभिप्रेत असतो. ख्रिस्ती तारणाचा शेवट मात्र देहासह पुनरुत्थानात आहे. म्हणजे विशिष्ट व्यक्ती त्याच नावाने, त्याच नात्यांसह परत मिळण्यात. हा भेद लक्षात घेतला की इव्हानचा हल्ला नेमका कशावर आहे, हे उमगते. तो समग्राच्या सुसंवादावर, लायब्निझच्या वळणाच्या हिशेबावर तुटून पडतो. विशिष्टाच्या पुनःप्राप्तीची आशा मात्र त्याच्या मांडणीत ओझरतीच येते. अल्योशा ख्रिस्ताचे नाव घेतो. ज्याने स्वतःचे निष्पाप रक्त सर्वांसाठी दिले त्याला क्षमेचा अधिकार आहे, असे सुचवतो. त्यावर इव्हान थेट प्रतिवाद करीत नाही, कथा सांगतो. प्रश्न अशा रीतीने खुला राहतो.

तो खुला राहण्यापूर्वीच कादंबरीने उत्तराची पहिली खूण ठेवलेली असते. दुसऱ्या भागात मठाच्या दाराशी आलेल्या बायकांत तीन वर्षांचा मुलगा गमावलेली एक शेतकरी स्त्री आहे. झोसिमा प्रथम तिला परंपरागत सांत्वन देऊ पाहतो : मूल देवदूतांत आहे. तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही. मूल येथे नाही, हे तिचे दुःख आहे. तेव्हा झोसिमा भूमिका बदलतो आणि आपल्या मुलांसाठी रडणाऱ्या, सांत्वन नाकारणाऱ्या राहेलची आठवण देऊन तिला रडण्याचीच मुभा देतो. राहेलचा हा संदर्भ मुळात यिर्मयाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो बेथलेहेमच्या बालकांच्या हेरोदाने केलेल्या कत्तलीच्या प्रसंगी येतो. तारणाऱ्याचा जन्म आणि निष्पापांचा संहार एकाच अध्यायात आहेत, आणि शुभवर्तमानकार त्या मातांना उत्तर देत नाही, फक्त त्यांच्या रडण्याची नोंद करतो. या प्रसंगामागे चरित्राचाही धागा आहे. दोस्तोव्हस्कीचा मुलगा अलेक्सेय मे १८७८ मध्ये, तीन वर्षांचाही पुरा न होता, अपस्माराने दगावला. त्याच उन्हाळ्यात दोस्तोव्हस्की व्लादीमिर सोलोव्ह्योव्हसमवेत ऑप्तिना मठात गेला व तेथे आम्ब्रोसी या वृद्ध साधूला भेटला. कादंबरीतील त्या स्त्रीच्या मुलाचे नावही अलेक्सेयच आहे. तथापि या प्रसंगाचे मोल चरित्रात शोधण्यापेक्षा रचनेत शोधणे अधिक योग्य ठरेल. येथे धर्माचा अधिकृत प्रतिनिधी आपले तयार उत्तर मागे घेतो, ही गोष्ट इव्हानच्या बंडाआधीच घडून गेलेली असते.

दुसरा संदर्भ ईयोबाचा. सहावा भाग हे इव्हानला दिलेले उत्तर असून ते मुद्देसूद नाही, कलात्मक चित्राच्या रूपात आहे, असे दोस्तोव्हस्कीने ऑगस्ट १८७९ मध्ये पोबेदोनोस्तसेव्हला लिहिले होते. ते पुरेसे ठरेल का, ही धास्तीही त्याने व्यक्त केली होती. या भागात झोसिमा बालपणी चर्चमध्ये ऐकलेल्या ईयोबाच्या कथेचे स्मरण करतो. ईयोबाच्या ग्रंथाचा शेवट वाचकाला नेहमीच अस्वस्थ करतो. ईयोबाची मेंढरे सात हजारांची चौदा हजार होतात, उंट तीन हजारांचे सहा हजार. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. पहिली मुले ईश्वरापाशी जिवंतच आहेत, म्हणून ती दुप्पट करण्याची गरज पडली नाही, असा अर्थ काही भाष्यकारांनी लावला आहे. झोसिमा हा चतुर मार्ग घेत नाही. पहिली मुले नसताना ईयोबाने नव्या मुलांवर प्रेम कसे केले असेल, हा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो आणि कालांतराने जुने दुःख शांत कोमल आनंदात परिणत होते, हे मानवी जीवनाचे गूढ होय, असे म्हणतो. हे उत्तर हृद्य आहे. पण इव्हानच्या कसोटीला ते उतरत नाही. दुःखी माणसाचे मन निवळले, म्हणून मेलेल्या मुलावरील अन्यायाचे निवारण झाले, असे होत नाही. झोसिमाच्या प्रवचनात राहिलेली ही उणीव कादंबरी पुढे एका दरिद्री, हास्यास्पद, मद्यपी बापाच्या तोंडून भरून काढते.

स्नेगिर्योव्ह हा सेवेतून गेलेला कप्तान. दिमित्रीने त्याला दाढी धरून रस्त्यावर ओढले, आणि ते त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाने, इल्युशाने, पाहिले. आजारी इल्युशा मरणापूर्वी बापाला सांगतो की, मी गेल्यावर दुसरा चांगला मुलगा निवड, त्याला माझेच नाव दे आणि माझ्याऐवजी त्याच्यावर प्रेम कर. ईयोबाच्या शेवटाची ही बालकाने केलेली पुनर्मांडणी आहे. तिच्यात बापाविषयीची अपार माया आहे. बाप ती नाकारतो. दुसरा मुलगा त्याला नको आहे, आणि आपण यरुशलेमला विसरलो तर आपली जीभ टाळूला चिकटो, या अर्थाची १३७व्या स्तोत्रातील शपथ तो पुटपुटतो. कोल्या विचारतो, हे यरुशलेमचे काय? अल्योशा जो अर्थ सांगतो त्यात विसरण्याबरोबर एक क्रियापद अधिक येते : बदल्यात देणे. सर्वांत मौल्यवान ते कशाच्याही बदल्यात देणार नाही, हा त्या शपथेचा आशय होय. इव्हानने प्रवेशपत्र परत केले ते नेमक्या याच कारणासाठी. मुलाच्या अश्रूंच्या बदल्यात मिळणारा सुसंवाद त्याला नको होता. बुद्धिवंत नास्तिक आणि बायबल जिभेवर असलेला भोळा बाप एकाच नकारापाशी येऊन भेटतात. फरक इतकाच की, इव्हानचा नकार ईश्वराला उद्देशून आहे, तर स्नेगिर्योव्हचा नकार ईश्वराच्याच शब्दांत उच्चारलेला आहे. सांत्वन नाकारणे म्हणजे श्रद्धा नाकारणे नव्हे, हा या कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा ईश्वरशास्त्रीय शोध म्हणता येईल.

इल्युशाच्या चित्रणाने 'निष्पाप' या संज्ञेचाही कस लागतो. इव्हानची बालके बहुशः निनावी आहेत. ती केवळ सोसतात. इल्युशाने स्मेर्द्याकोव्हच्या चिथावणीने पावात टाचणी खुपसून ती कुत्र्यापुढे फेकली आहे, आणि आपल्या आजाराला तो हीच शिक्षा समजतो. सूडाचे स्वप्नही तो पाहतो : मोठा होऊन दिमित्रीला द्वंद्वात पाडायचे आणि तलवार उगारून, मारता आले असते पण क्षमा करतो, असे म्हणायचे. मुलाच्या क्षमेचा जो प्रश्न इव्हानने अमूर्त पातळीवर मांडला, त्याला येथे अभिमानाने आणि जखमेने भरलेले मानवी रूप मिळते. या संदर्भात १३७व्या स्तोत्राचा शेवट विसरता येत नाही. स्मृतीची शपथ घेणारे ते स्तोत्र शत्रूच्या अर्भकांना खडकावर आपटण्याच्या इच्छेने संपते. निष्ठावंत स्मृती आणि सूड यांच्यातील अंतर किती थोडे आहे, हे त्यातून कळते. स्नेगिर्योव्हची शपथ त्या शेवटापर्यंत जात नाही.

तरीही कादंबरीचे उत्तर संपूर्ण आहे, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. इल्युशा आजाराने मरतो. कुत्र्यांनी फाडलेल्या मुलाचे उत्तर त्याच्या मरणातून मिळत नाही. 'द प्लेग'मध्ये (१९४७) काम्यूने मृत्यूचे कारण रोगच ठेवले, मानवी खलत्व वगळले आणि तरीही डॉक्टर रिऊच्या तोंडून बालकांना छळणाऱ्या सृष्टीवर प्रेम करण्यास नकार दिला. मग फादर पानलूला सर्व काही मानणे किंवा सर्व काही नाकारणे एवढाच पर्याय उरतो. दोस्तोव्हस्कीच्या मांडणीत याहून गंभीर दोषही आहे. अकराव्या भागात लिझा यहुद्यांनी बालहत्या केल्याच्या कपोलकल्पित आरोपाबाबत विचारते, तेव्हा अल्योशा त्याचे खंडन न करता आपल्याला माहीत नाही, एवढेच म्हणतो. निष्पाप बालकाच्या दुःखाची भाषा निष्पाप समाजाविरुद्ध शस्त्र कशी बनते, याचा हा पुरावा आहे. करुणेचा आवेश स्वतःच्या सत्यासत्याची ग्वाही देत नाही.

म्हणूनच नवव्या भागातील दिमित्रीचे स्वप्न निर्णायक ठरते. जळालेले गाव, हडकुळी आई, तिच्या कडेवर रडणारे बाळ. आणि हे बाळ का रडते, हा दिमित्रीचा पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न. प्रश्न इव्हानचाच आहे, परंतु त्याची दिशा बदलली आहे. इव्हान बालकांच्या यातनांची टिपणे जमवतो आणि ती ईश्वरापुढे ठेवतो; दिमित्रीला ते बाळ रडू नये म्हणून तत्काळ काहीतरी करावेसे वाटते. न केलेल्या खुनासाठी सैबेरियाला जाण्याची त्याची तयारी या स्वप्नातून उगवते. इल्युशाच्या दुःखाला आपणही कारण झालो, हे त्या क्षणी त्याच्या मनात नसते. वाचकाच्या मात्र असते.

उपसंहारात इल्युशाच्या शवाला जवळजवळ दुर्गंधी येत नाही, असे निवेदक सांगतो. झोसिमाच्या मृतदेहाबाबत भक्तांनी जे अपेक्षिले आणि जे घडले नाही, ते या मुलाच्या वाट्याला येते. बाप त्याच्या इच्छेप्रमाणे थडग्यावर पावाचे तुकडे कुस्करतो, चिमण्या याव्यात आणि मुलाला एकटे वाटू नये म्हणून. घरी परतल्यावर ते छोटे बूट पाहून कोसळतो. पुनरुत्थानाची आशा त्याच्या शोकाला वगळून येत नाही. त्यानंतरच, इल्युशाच्या लाडक्या दगडापाशी, कोल्या विचारतो की, आपण सगळे मेलेल्यांतून उठू आणि इल्युशाला पुन्हा पाहू हे खरे का. आणि अल्योशा होकार देतो. या आशेत समग्राचा सुसंवाद नाही, एका मुलाचे नाव आहे. दुसऱ्या कोणाला ते नाव देऊन तिची पूर्ती होणार नाही. इव्हान त्या वेळी मेंदूज्वराने बेशुद्ध आहे. त्याच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे हे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ते सिद्ध झाले आहे, असे कादंबरी म्हणत नाही. सांत्वनाचा नकार ज्याने पूर्णपणे ऐकून घेतला, त्यालाच तारणाची आशा उच्चारण्याचा अधिकार आहे, इतकेच ती दाखवते; आणि ख्रिस्ती असो वा नसो, कोणत्याही आशावादाला लावता येईल अशी ही कसोटी आहे.