नाठाळ नटीची प्रांजळ लेखणी

सिनेनटीचे पुस्तक कॅथलिक कुटुंबात का वाचावे, असा प्रश्न काही वाचक आम्हांला विचारतील. लुईझ ब्रुक्स हिच्या ‘लुलू इन हॉलिवूड’ (१९८२) या लेखसंग्रहापुरते आमचे उत्तर स्पष्ट आहे : माणसाला बाजारवस्तू केले की काय होते, हे कळावे म्हणून वाचावे.

लेखिका १९०६ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात जन्मली. नर्तकीची ती पॅरामाउंट कंपनीची तारका झाली. १९२८ मध्ये पगारवाढ नाकारली जाताच तिने कंपनीला रामराम ठोकून बर्लिन गाठले. पाब्स्ट या दिग्दर्शकाच्या ‘पँडोराज बॉक्स’ (१९२९) मधील लुलूच्या भूमिकेने तिचे नाव पुढे अजरामर केले. मात्र आधीच्या एका मूकपटाला आवाज देण्यासाठी येण्यास तिने नकार दिला आणि हॉलिवूडची दारे मिटत गेली. १९३८ नंतर तिने चित्रपट केला नाही. पुढे ती न्यूयॉर्कच्या एका दुकानात विक्रेती होती. हट्टी आणि लहरी ही तिची ख्याती अगदीच निराधार नव्हती.

संग्रहात सात लेख आहेत. हम्फ्री बोगार्टवरील लेखात पडद्यावरच्या प्रतिमेने माणसाला कसे गिळले ते दिसते. आम्हांला सर्वांत हृद्य वाटला तो पेपी लेडररवरील लेख. धनाढ्य हर्स्टच्या प्रासादात वावरलेल्या या तरुणीने १९३५ मध्ये आत्महत्या केली. एरवी चाबकासारखी चालणारी लेखणी येथे मायेने ओलावते.

उणीवही सांगितली पाहिजे. ब्रुक्सने १९५३ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, १९६४ मध्ये ती ख्रिस्तसभेपासून दुरावली. या आंतरिक प्रवासाला संग्रहात एकही स्वतंत्र लेख नाही. आत्मचरित्राचे हस्तलिखित तर तिने नष्टच केले. आपल्या कामजीवनाविषयीचे सत्य लिहिल्याविना चरित्र खरे होणार नाही आणि ते लिहिण्याची आपली तयारी नाही, अशी तिची भूमिका होती.

हा भित्रेपणा म्हणावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. खोटे लिहिण्यापेक्षा कोरे पान ठेवणे अधिक प्रामाणिक. पापनिवेदनाची जागा प्रभूच्या चरणांशी आहे, चव्हाट्यावर नव्हे. तथापि इतरांची झाडाझडती घेणाऱ्या लेखणीने स्वतःच्या श्रद्धेविषयी दोन शब्द लिहिले असते, तर पुस्तकाची उंची वाढली असती.

१९८५ मध्ये ती वारली. रॉचेस्टर शहरातील होली सेपल्कर या कॅथलिक दफनभूमीत ती विसावली आहे. दुरावलेल्या लेकीला ख्रिस्तसभेच्या भूमीने कुशीत घेतले. आपल्या धर्मग्रामातही मिस्साला न येणारी, ‘वाया गेलेली’ म्हणून हिणवली जाणारी माणसे असतात. त्यांच्याविषयी निवाडा देण्यापूर्वी हे पुस्तक आपल्याला क्षणभर थांबवते. एवढे केले तरी त्याचे मोल मोठे आहे.