लॉनी डॉनेगन : प्रभावाचे स्वरूप

ब्रिटनमधील स्किफल-संगीताचा प्रवर्तक लॉनी डॉनेगन (१९३१–२००२) याच्या प्रभावाची चर्चा बहुधा त्याच्या गाजलेल्या गीतांच्या आधारे केली जाते. हा आधार अपुरा आहे. ख्रिस बार्बरच्या जाझ-वृंदासमवेत त्याने १९५४ साली ध्वनिमुद्रित केलेले आणि १९५६ साली लोकप्रिय झालेले ‘रॉक आयलंड लाइन’ हे गीत मूळचे त्याचे नव्हेच. १९३४ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या तुरुंगांत ते कैद्यांकडून ऐकून मुद्रित करण्यात आले व पुढे लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने प्रचारात आणले. शब्द, चाल, उच्चारांची ढब, सारे उसने. मग प्रवर्तकत्व उरते कोठे?

ते साधनांच्या साधेपणात आहे. गिटारवरील दोनतीन कॉर्ड, कपडे घासण्याची पन्हळी फळी आणि चहाच्या खोक्याला काठी व दोरी जोडून केलेले खर्जवाद्य एवढ्यावर गाणे उभे राहते, हे स्किफलने दाखविले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, डॉनेगनपासून तरुणांना मिळाले ते मोजक्या नियमांचे व्याकरण. शब्दसंग्रह ज्याने त्याने आपला घडविला. जॉन लेननने १९५६ साली लिव्हरपूल येथे काढलेला ‘क्वारीमेन’ हा स्किफल-वृंदच पुढे ‘बीटल्स’मध्ये परिणत झाला. ‘बीटल्स’च्या प्रौढ रचनांत डॉनेगनच्या चाली शोधणे व्यर्थ होय, श्रोत्याला रचनाकार होण्याचे धैर्य लाभले, हीच त्या प्रभावाची खूण.

तथापि लेड बेली १९४९ सालीच निवर्तला होता. गीताची ही कीर्ती त्याला पाहावयास मिळाली नाही. डॉनेगनचे श्रेय मान्य करताना हे ऋण नोंदविणे समीक्षेचे कर्तव्यच ठरते.