अमर शेखांची लेक आणि आमची यादी

मुस्लिम मराठी साहित्याच्या परंपरेवर बोलायला उभा राहिलेला आमचा वक्ता श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून सुरुवात करतो, शाहिरांपाशी येतो आणि अमर शेखांचे नाव घेताना त्याचा आवाज चढतो. ते योग्यच आहे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल हे अमर शेख झाले, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी मैदाने गाजवली. असा बुलंद आवाज कोणत्याही जमातीला आपला म्हणावासाच वाटेल. त्यांनी स्वतः जमातीच्या हिशेबात आयुष्य मोजले नाही, ते कम्युनिस्ट होते, हे आम्ही सोयीने बाजूला ठेवतो.

त्यांच्या लेकीचे नाव मात्र आमच्या यादीत नसते. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन 1984 साली आले. मराठीत त्यावर भरपूर बोलले गेले. पण ते बहुतेक दलित साहित्याच्या आणि स्त्रीवादाच्या चर्चेत. आमच्या मोहल्ल्यात नव्हे. आम्हाला हे पुस्तक परके का वाटले, हे तपासण्यासाठी आम्ही ते पुन्हा हाती घेतले.

पुस्तकातली हकीकत सर्वांना ठाऊक आहे. गाण्यांत आणि पुस्तकांत वाढलेली मुलगी. 1969 मध्ये वडील अपघातात गेले तेव्हा ती बारा वर्षांची. पुढे वयाची विशीही गाठायच्या आत तिने नामदेव ढसाळांशी लग्न केले. ढसाळ तेव्हा 'गोलपिठा'चे कवी आणि 1972 साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे नेते. त्यानंतरच्या संसारातली मारहाण, आजारपण, पैशाची ओढाताण, दारू, घरात सदैव राबता असलेले कार्यकर्ते आणि मुलासाठी झालेली झुंज हे सगळे मल्लिकाबाईंनी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. सत्ताविसाव्या वर्षी आत्मकथन लिहायला बसलेल्या बाईकडे मागे वळून पाहण्याचे अंतर नसते. तेच या पुस्तकाचे बळ आहे आणि तीच त्याची उणीव. वाक्ये धापा टाकत येतात. मध्येच कविता उसळते, मध्येच केवळ राग. निवेदन जुळवून घेण्याच्या भानगडीत लेखिका पडत नाही.

उणिवेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. नवऱ्याच्या भोवतालच्या माणसांकडे पाहताना लेखिकेची नजर काही ठिकाणी सुसंस्कृत घरातल्या मुलीची नजर होते. कामाठीपुऱ्याच्या वळचणीला वाढलेल्या कवीचे जगणे आणि शाहिराच्या घरातले जगणे यांत वर्गाची दरी होती. ती दरी तिला दिसते, पण तिचा अर्थ ती दर वेळी लावतेच असे नाही. दलित वाचकाला ही नजर बोचली असेल तर त्याला आम्ही दोष देणार नाही. असे पुस्तक हाती आल्यावर 'बघा, यांचे क्रांतिकारक घरात कसे वागतात' असे म्हणणारा सवर्ण वाचक टपलेलाच असतो. ही भीती खोटी नव्हती.

पण भीती खरी असली म्हणून मारहाण खोटी ठरत नाही. पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दाची व्याख्या जातीपुरती ठेवलेली नव्हती. त्यात नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन शेतमजूर होते, धर्माच्या नावाने पिळले जाणारे होते, म्हणजे आम्हीही त्यात बसत होतो. आणि त्यात स्त्रियाही होत्या. राजा ढाले यांना ही व्याख्या मार्क्सवादी वाटली आणि त्यावरून संघटनेत फूट पडली. वाद वर्गाचा आणि बुद्धाचा झाला. त्या यादीतल्या 'स्त्रिया' या शब्दावरून मात्र कुणी भांडल्याचे आमच्या वाचनात नाही. आमच्या मते हे पुस्तक त्या जाहीरनाम्यावरची सर्वांत कडक टीका आहे, कारण ती त्याच व्याख्येच्या आतून केलेली आहे.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आले. बाबासाहेबांच्या चळवळीचा इतका तेजस्वी दस्तऐवज क्वचितच सापडेल. ते लिखाण बाईंनी घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. ज्या चळवळीने बाईला लिहायला शिकवले तिच्याच घरात वही लपवावी लागली. पुढे उर्मिला पवारांच्या 'आयदान'ने (2003) हा कोंडमारा उघडपणे आणि समजुतीने मांडला. तोवर दलित स्त्रियांनी स्वतःचे व्यासपीठ उभारले होते. मल्लिकाबाईंच्या पाठीशी असे काही नव्हते. जन्माने त्या दलित नव्हत्या. 'शेख' हे नाव होते, पण जमात नव्हती; खरे तर ते नावही वडिलांनी घेतलेले होते. तीन चळवळी या बाईच्या घरातून गेल्या आणि एकाही चळवळीने तिला आपली म्हटले नाही.

आता आमच्या अंगणात येऊ. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' 1995 साली आले. दोन्ही पुस्तके चळवळ उभी करणाऱ्या पुरुषांच्या बायकांची. नुसती नावे शेजारी ठेवून पाहा. हमीदभाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. 1977 मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. भाभींच्या पुस्तकात हे सगळे घराच्या बाजूने येते: ओढगस्त, दुखणी, लोकांचे शिव्याशाप, आणि त्या पलीकडची माया. तक्रार येते, पण मायेत विरघळते. वाचक हेलावतो. पण आम्हाला असेही वाटले की कौमेचा बहिष्कार सोसणाऱ्या घरातल्या बाईला नवऱ्याबद्दल कुरकुर करण्याची चैन परवडत नाही. बाहेर दगड पडत असताना घरातले भांडण आवाज न करताच करावे लागते. भाभींचे समाधान खरे आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्या समाधानात न बोललेले किती, हा प्रश्न 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' वाचल्यानंतरच आम्हाला सुचला.

'ही वेळ नव्हे' हे वाक्य आमच्याकडे फार जुने आहे. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या शाहबानोंची दरमहा 179 रुपये 20 पैसे पोटगी कायम केली. निकालात कुराणाच्या अर्थाची आणि समान नागरी कायद्याची चर्चा आली, तिने मोहल्ले पेटले आणि अखेर त्या वृद्ध बाईनेच निकाल नाकारला. 2017 मध्ये एकतर्फी तिहेरी तलाक रद्द झाला तेव्हा आम्ही आनंद मानला. 2019 च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणली तेव्हा त्याच लढ्यात उभ्या असलेल्या मुस्लिम स्त्री-संघटनांमध्ये दोन तट पडले. शिक्षेची जरब हवी, असे काहींचे म्हणणे. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, आणि हा कायदा आमच्यासाठी की आमच्यावर, असे इतरांचे म्हणणे. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. पण या बाजूला उभे राहिले की शेजारी कोण येऊन उभे राहते, तेही पाहिले आहे: 1966 च्या त्या सात जणींना शिव्या देणाऱ्यांचे वारस.

येथे एक कबुली द्यायला हवी. 2017 च्या त्या गरम दिवसांत एका लहान गावातून एका भगिनीने आमच्याकडे हाताने लिहिलेली अठरा पाने पाठवली होती. तलाकचा त्यात संबंध नव्हता. सुधारक म्हणून तालुक्यात मान असलेल्या नवऱ्याच्या मारहाणीची ती हकीकत होती. आम्ही बैठकीत वाचली, लिखाणाचे कौतुक केले आणि 'पुढच्या वर्षी पाहू' असे कळवले. कारण तेच. दूरदर्शन वाहिन्यांवर रोज आमच्या घरांचे वाभाडे निघत होते, त्यात आपण भर कशाला घालायची? पुढच्या वर्षी त्या भगिनीने पाने परत मागवून घेतली. आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवली.

म्हणून पँथरच्या कार्यकर्त्यांनी या पुस्तकाकडे कसे पाहिले, याचा निवाडा करताना आमची लेखणी अडखळते. ते ज्याला भ्यायले त्यालाच आम्हीही भ्यालो, आणि तेही तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, मल्लिकाबाईंचे पुस्तक कपाटात असताना.

जेरी पिंटो यांनी 2016 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि हे पुस्तक मराठी न वाचणाऱ्यांपर्यंत गेले. मल्लिकाबाईंची कविता हा स्वतंत्र विषय आहे. 'वाळूचा प्रियकर'पासूनची ती कविता या आत्मकथनाच्या सावलीत झाकली गेली, तिच्यावर पुढे केव्हातरी सवडीने लिहू. पुढच्या संमेलनातल्या परंपरेच्या परिसंवादाची टिपणे सध्या आमच्याकडेच आहेत. अमर शेखांच्या नावाखाली आम्ही एक ओळ वाढवली आहे. मंडळातल्या दोघा ज्येष्ठांनी तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे. ते आम्ही खोडलेले नाही, आणि ओळही खोडलेली नाही.