‘लाइव्ह ॲट लीड्स’ : एका ध्वनिमुद्रणाची पाठचिकित्सा

इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात १४ फेब्रुवारी १९७० च्या रात्री ‘द हू’ या रॉकवृंदाचा कार्यक्रम झाला. रॉजर डॉल्ट्री हा गायक, पीट टाउन्शेंड गिटारवर, जॉन एन्टविसल बेस गिटारवर आणि कीथ मून तालवाद्यांवर, असे हे चौघे. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणातून निवडलेली सहा गीते त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘लाइव्ह ॲट लीड्स’ या नावाने तबकडीवर प्रसिद्ध झाली, आणि रॉक संगीताच्या प्रत्यक्ष प्रयोगांची जी ध्वनिमुद्रणे आजवर निघाली त्यांत तिला अग्रस्थान मिळाले. हे स्थान रास्तच आहे. पण तिची थोरवी सिद्ध करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू नव्हे. १९९५ व २००१ साली याच ध्वनिमुद्रणाच्या ज्या विस्तारित व संस्कारित आवृत्त्या निघाल्या, त्यांनी एकाच रात्रीचे निरनिराळे पाठ श्रोत्यापुढे ठेवले. त्यांपैकी कोणता पाठ कोणत्या अर्थाने ग्राह्य मानावयाचा, असा हा प्रश्न आहे. पाठचिकित्सेची साधने हस्तलिखितांसाठी घडविलेली असली तरी येथे ती कामी येतात, आणि ती कोठे तोकडी पडतात हेही कळते.

प्रथम पाठपरंपरेचा पूर्ववृत्तांत. १९६९ साली या वृंदाचा ‘टॉमी’ हा गीतप्रबंध (त्याला ‘रॉक ऑपेरा’ म्हणण्याची रूढी आहे) प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात अनेक कार्यक्रम फितींवर मुद्रित करण्यात आले. त्यांतून तबकडी काढावयाची होती. परंतु इतक्या फिती ऐकून निवड करणे टाउन्शेंडला अशक्यप्राय वाटले, आणि त्याने स्वतःच पुढे सांगितल्याप्रमाणे, बॉब प्रिडन या आपल्या ध्वनियोजकाला त्या जाळून टाकावयास सांगितले. पोथ्यांची संख्या फार झाली म्हणून त्या जाळणारा संपादक विरळाच. त्यानंतर लीड्स आणि दुसऱ्या दिवशी हल येथील कार्यक्रम ध्वनिमुद्रणासाठी म्हणून योजण्यात आले. म्हणजे तुलनेस उपलब्ध होऊ शकल्या असत्या त्या बहुतेक प्रती संपादनापूर्वीच नाहीशा झाल्या, आणि उरलेल्या दोहोंवर सारा भार पडला.

१९७० च्या तबकडीचे बाह्य रूपही अर्थपूर्ण आहे. साध्या तपकिरी पुठ्ठ्याचे वेष्टन आणि त्यावर रबरी शिक्क्याने उठवावे तसे नाव, असा तिचा थाट होता. १९६९ पासून बॉब डिलनच्या व इतरांच्या चोरट्या तबकड्या बाजारात फिरू लागल्या होत्या. त्यांचे हे जाणूनबुजून केलेले अनुकरण होय. अधिकृत प्रतीने अनधिकृत प्रतीचे सोंग घ्यावे, हा प्रकार मौजेचा खरा, पण त्यामागे एक भूमिका होती : जे घडले ते जसेच्या तसे, न रंगविता, श्रोत्याच्या हाती देत आहोत. ध्वनिमुद्रणात अधूनमधून विजेच्या खरखरीचे व कटकट असे तुटक आवाज शिरले होते. ते आवाज ठीक आहेत, दुरुस्त करू नयेत, अशा आशयाची सूचना तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदावर हस्ताक्षरात छापलेली आढळते. उघडपणे ही सूचना कारखान्यातील तंत्रज्ञाला उद्देशून आहे. ती वाचणारा मात्र तबकडी विकत घेणारा. आपल्याकडील पोथ्यांच्या शेवटी लेखनिक, जसे दिसले तसे लिहिले, दोष मला लावू नये, अशी विनवणी करतो, तिचे येथे स्मरण होते. फरक एवढाच की लेखनिक क्षमा मागतो आणि ही तबकडी आज्ञा करते.

१९९५ साली जॉन ॲस्टली व त्याचे सहकारी यांनी मूळ अनेकमार्गी फितींवरून नवे मिश्रण सिद्ध केले. सहा गीतांच्या जागी चौदा गीते आली, काळ सुमारे दुपटीने वाढला, आणि ज्याला हात लावू नये अशी आज्ञा होती ती खरखर काढून टाकण्यात आली. अंकीय पद्धतीत ध्वनिलहरीची प्रत्येक सेकंदाला ४४,१०० मापने घेतलेली असतात. दोन सहस्रांश सेकंदाची एक कटकट म्हणजे सुमारे ८८ मापने. ती वगळून मागच्यापुढच्या मापनांवरून मधली पोकळी अनुमानाने भरून काढणे, हे अशा शुद्धीकरणाचे सर्वसाधारण तंत्र होय. भ्रष्ट अक्षरांच्या जागी संदर्भावरून पाठ सुचविणे याहून ते तत्त्वतः वेगळे नाही.

येथे खरा तात्त्विक प्रश्न उपस्थित होतो. या वृंदाच्या संगीतात ‘गोंगाट’ हा दोष नसून द्रव्य आहे. टाउन्शेंड गिटार ध्वनिवर्धकासमोर धरतो, वर्धकातून निघालेला नाद पुन्हा तारांना कंप देतो, आणि त्या चक्रातून जी किंकाळी उत्पन्न होते ती तो स्वरासारखी योजतो. वर्धकाच्या मर्यादेपलीकडे नाद ढकलून त्याला जी खरड आणली जाते तीही अशीच. निव्वळ भौतिक मापनाने पाहिल्यास असा नाद आणि मुद्रणातील सदोष खरखर यांचे गोत्र एकच निघेल. तेव्हा भेद करावयाचा तो कोणत्या आधारावर? भाषाविज्ञानाला हा पेच परिचित आहे. एखादा ध्वनी भाषेतील स्वनिम आहे की बोलणाऱ्याचा ओझरता खोकला आहे, हे त्याच्या भौतिक रूपावरून ठरत नाही. तो व्यवस्थेत काही कार्य करतो किंवा नाही यावरून ठरते. गिटारची किंकाळी कार्य करते. तिच्यानंतर मूनचा आघात येतो, एन्टविसलचा स्वर तिच्याभोवती फिरतो, श्रोते तिला प्रतिसाद देतात. खरखरीला मात्र कोणीच प्रतिसाद देत नाही; कारण ती त्या दालनात नव्हतीच. ती यंत्रणेत उत्पन्न झाली आणि फितीवर उतरली. भोजनगृहात दाटीने उभ्या असलेल्या श्रोत्यांपैकी एकानेही ती ऐकली नाही.

ही कसोटी, म्हणजे ‘तो ध्वनी दालनात होता काय?’ हा प्रश्न, वरवर सोपी दिसली तरी शुद्धीकरणाला ती दोन्ही बाजूंनी बांधून टाकते. ‘यंग मॅन ब्लूज’ हे मोझ ॲलिसनचे गीत घ्यावे. डॉल्ट्री एकटाच ओळ म्हणतो, थांबतो, क्षणभर निःशब्दता, मग तिघेही वाद्यांसह तुटून पडतात. गीताची सारी रचना या निःशब्दतेवर उभी आहे. अशा जागी बारीकशी कटकटही कानाला बोचते, म्हणून ती काढणे योग्यच. परंतु त्याच जागी वर्धकांची मंद घरघर व दालनाचा श्वासही असतो, आणि ही घरघर दालनात होती. अतिउत्साही संपादक खरखरीबरोबर तीही पुसून टाकतो आणि मग दोन ओळींमध्ये निःशब्दता न उरता केवळ अभाव उरतो. ॲस्टलीने हा मोह बव्हंशी आवरला आहे. त्याच्या आवृत्तीचा हा मोठा गुण मानला पाहिजे.

मग १९७० च्या आज्ञेचे काय? कर्त्याने संमत केलेला पाठ बदलण्याचा अधिकार संपादकाला नाही, असा आक्षेप जुन्या श्रोत्यांकडून घेतला जातो. पंचवीस वर्षे त्या कटकटींसह गीते ऐकलेल्या कानांना त्यांच्यावाचून ती ओकी वाटतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रूढ झालेला अपपाठ हाच वाचकांचा पाठ होऊन बसतो, हे कोणत्याही ग्रंथपरंपरेत घडते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुन्या पोथीच्या आधारे वेगळी प्रत छापली. दोघांच्या हेतूंविषयी शंका नसताही वाद उरलाच. प्रस्तुत प्रकरणी मात्र निर्णय कठीण नाही. १९७० ची तबकडी ही एक स्वतंत्र कृती आहे. तिची निवड, तिची काटछाट, तिचे वेष्टन आणि तिची खरखर ही सर्व मिळून ती कृती होते, आणि ती तशीच उपलब्ध राहिली पाहिजे. १९९५ च्या आवृत्तीचा दावा निराळा आहे; ती तबकडीची नव्हे, तर कार्यक्रमाची प्रत होऊ पाहते. कार्यक्रमाच्या प्रतीत खरखरीला स्थान नाही. दोन्ही आवृत्त्यांनी एकच नाव धारण करावे, एवढेच काय ते गैर.

कार्यक्रमाची प्रत या दाव्यालाही एक मर्यादा आहे. साथीच्या गायनाचे मुद्रण त्या रात्री समाधानकारक झाले नव्हते. म्हणून टाउन्शेंड व एन्टविसल यांनी ते नंतर ध्वनिमुद्रणगृहात एका दमात पुन्हा गाऊन जोडले. वरील कसोटीला हा भाग उतरत नाही. एका दमात गायिल्याने प्रयोगाचा आवेश टिकतो, स्थळकाळ टिकत नाही.

परंतु शुद्धीकरणातील सर्वात गंभीर दोष खरखरीशी निगडित नाही, तो क्रमाशी आहे, आणि त्याची चर्चा फारच थोडी झाली आहे. लीड्स येथे प्रथम सुमारे चाळीस मिनिटे सुटी गीते झाली, शेवटी ‘अ क्विक वन’ हे दीर्घ गीत आले. त्यानंतर ‘टॉमी’ जवळजवळ सलग सादर झाले. आणि मग ‘समरटाइम ब्लूज’, ‘शेकिन ऑल ओव्हर’, ‘माय जनरेशन’ व ‘मॅजिक बस’ यांनी समारोप झाला. २००१ च्या द्विखंडी आवृत्तीत सारा कार्यक्रम प्रथमच एकत्र आला, पण ‘टॉमी’ उचलून दुसऱ्या तबकडीवर ठेवण्यात आले. कारण उघड आहे. एका तबकडीत ऐंशी मिनिटांच्या आसपासच मजकूर मावतो. मूळ क्रम पाळला तर ‘टॉमी’ मध्येच तोडावे लागले असते. प्रबंध अखंड राखण्यासाठी संपादकाने कार्यक्रम तोडला.

याचा परिणाम ‘माय जनरेशन’ या गीतावर काय होतो तो पाहावा. १९६५ सालचे हे सव्वातीन मिनिटांचे गीत लीड्स येथे सुमारे पंधरा मिनिटांपर्यंत विस्तारले आहे. मूळ गीत संपताच वृंद अन्य सामग्रीकडे वळतो, आणि त्या सामग्रीत ‘टॉमी’च्या समारोपाची पदे व त्यातील वाद्यखंड पुन्हा उमटतात. लीड्सच्या श्रोत्याने ही पदे थोड्याच वेळापूर्वी ऐकली होती. त्याच्या दृष्टीने हे पुनरुच्चारण म्हणजे वाक्यात आधी आलेल्या नामाकडे निर्देश करणारे सर्वनाम होते. १९७० च्या तबकडीवर ‘टॉमी’ नव्हतेच. तेथे सर्वनाम उरले, नाम बाहेरच्या ज्ञानावर सोपविले गेले. १९९५ च्या आवृत्तीत ‘टॉमी’मधील ‘अमेझिंग जर्नी’ व ‘स्पार्क्स’ हे अंश योग्य जागी, म्हणजे समारोपाच्या गीतांपूर्वी, आले; नामाचा निदान काही भाग तरी जागेवर होता. २००१ च्या ‘संपूर्ण’ आवृत्तीत मात्र सर्वनाम पहिल्या तबकडीवर आणि नाम दुसऱ्या! श्रोता आधी आठवण ऐकतो आणि मग मूळ प्रसंग. शब्द सगळे उपस्थित आहेत, वाक्य मोडले आहे. ज्या संपादकाने दोन सहस्रांश सेकंदाच्या कटकटीसाठी एवढे श्रम घेतले, त्याने पाऊण तासाहून मोठ्या खंडाचे स्थानांतर सहज मान्य करावे, ही गोष्ट शुद्धीकरणाची दृष्टी ध्वनीवर खिळली की रचनेवरून कशी ढळते याची द्योतक आहे. ‘टॉमी’ दोन तबकड्यांत विभागले गेले असते तर श्रोत्याला मध्ये एकदा उठावे लागले असते, इतकेच.

हलच्या फितीची कथा थोडक्यात सांगता येईल. १५ फेब्रुवारीच्या त्या कार्यक्रमाचे मुद्रण वृंदातील काहींना अधिक पसंत होते, परंतु आरंभीच्या काही गीतांत एन्टविसलचे वादन फितीवर उतरलेच नाही आणि म्हणून लीड्सची निवड झाली. २०१० साली हलचे ध्वनिमुद्रण प्रकाशात आले तेव्हा ही त्रुटी लीड्स येथील एन्टविसलच्या वादनाने भरण्यात आली. दोन रात्रींची लय अगदी तंतोतंत जुळणे शक्य नसल्याने हे वादन अंशाअंशाने सरकवून बसवावे लागते. एका प्रतीतील गळलेला भाग दुसऱ्या प्रतीवरून घेणे शास्त्रसंमत आहे, आणि प्रकाशकांनी ही गोष्ट लपविलेली नाही. तरी मून हा एन्टविसलच्या त्या क्षणीच्या वादनाला उत्तर देत वाजविणारा वादक होता, हे विसरता येत नाही. हलच्या पहिल्या गीतांत तो ज्या वादनाला उत्तर देतो ते ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येते त्याला त्याने उत्तर दिलेले नाही. अभ्यासकाने हलच्या दोघांच्या संवादाचे परीक्षण करावयाचे तर ही गीते सोडून पुढून आरंभ करावा.