देह, समूह आणि सत्ता : मोहन आगाशे यांच्या आरंभीच्या तीन भूमिका

नटाच्या उत्तरकालीन कीर्तीच्या उजेडात त्याच्या आरंभीच्या भूमिका वाचण्याची सवय टीकेस जडलेली आहे. मोहन आगाशे यांच्याबाबत असे विशेषत्वाने घडते. ते मनोविकारतज्ज्ञ, सबब त्यांचा अभिनय हा मनाच्या जाणकाराचा अभिनय होय, असे समीकरण सहज मांडले जाते. तथापि १९७२ ते १९८१ या काळातील त्यांच्या तीन प्रमुख भूमिका क्रमाने तपासल्या असता हे समीकरण अपुरे ठरते. त्या भूमिकांचे बळ मनोविश्लेषणात नसून, देह आणि त्यास आधार देणारा समूह यांच्या नात्यात आहे.

१६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' पुण्यात प्रथम रंगभूमीवर आले. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनातील ब्राह्मणांची मानवी भिंत आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत यांनी प्रयोगाची चौकट घडविली. आगाशे यांच्या नाना फडणविसाचे वैशिष्ट्य असे, की तो या चौकटीपासून वेगळा काढताच येत नाही. त्याची हुकमत आवाजाच्या जरबेत नाही. भोवतीचा समूह त्याच्या लयीने डोलतो, यात ती आहे. नानाच्या अंतर्मनाचा ठाव संहिता देत नाही, आणि नटही तो देण्याचा आग्रह धरीत नाही. हा संयमच येथे गुण ठरतो.

पुढील परीक्षा कठीण होती. दीर्घकाळ मावळातील तळेगाव दाभाडे येथे वास्तव्य असलेल्या गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये 'जैत रे जैत' हा चित्रपट केला. लोणावळ्याचा घाट उतरला की कोकणपट्टीत ठाकरांच्या वाड्या लागतात. त्या जमातीचे हे जग होय. राणीमाशीने डोळ्यास दंश केला म्हणून लिंगोबाच्या डोंगरावरील पोळी उतरविण्याची प्रतिज्ञा करणारा नाग्या, ही नानाच्या नेमकी उलट भूमिका. येथे मानवी भिंत नाही. आहे तो केवळ ढोल. ढोलावर हात असतो तेव्हा आगाशे यांचा देह त्या मातीचा वाटतो. मात्र संथ संवादप्रसंगी त्यांच्या मुद्रेवर नागर विचारीपणाची छटा उमटते, आणि नाग्याची आंधळी ईर्षा काहीशी समंजस होते. स्मिता पाटील यांच्या चिंधीत अशी फट दिसत नाही. त्यामुळे चित्रपटाचा तोल तिच्याकडे झुकतो. हा दोष मान्य करावयास हवा. परंतु तो हेही दाखवितो, की लयीचा आधार सुटताच या नटाची शैली उघडी पडते.

हाच आधार पूर्णतः काढून घेतला गेला तो १९८१ मध्ये सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती'त. प्रेमचंदांच्या कथेतील पुरोहिताचे नाव घासीराम असावे, हा योगायोग मराठी प्रेक्षकास अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही. संगीताचा ताल नाही, समूह नाही, दूरचित्रवाणीचा लहानसा पडदा तेवढा आहे. अशा स्थितीत आगाशे बसणे, जेवणे, दृष्टी वळविणे या क्रियांतूनच जातीची सत्ता उभी करतात. लाकूड फोडता फोडता दुखी मरण पावतो आणि त्याचे प्रेत उचलण्यास कोणीही येत नाही. तेव्हा त्याच्या पायास फास अडकवून ते ओढून नेण्याची पाळी पुरोहितावरच येते. आजवर इतरांच्या श्रमावर विसावलेला देह प्रथमच श्रमतो. आगाशे येथे पश्चात्तापाची एकही रेषा उमटू देत नाहीत. दिसते ती फक्त ओढण्याची दमछाक आणि स्पर्श टाळण्याची दक्षता. पाप्याच्या मनातील खळबळ रंगविण्याचा मोह टाळल्यामुळेच प्रेक्षकास सुटकेची वाट उरत नाही.

नानाची सत्ता समूह उचलून धरतो; घासीरामास समूह सोडून जातो, तरी सत्ता त्याच्या हातापायांत शिल्लक राहते. या दोन टोकांमधील पायरी म्हणून नाग्याच्या अपुरेपणासही मोल आहे. म्हणून आगाशे यांच्या आरंभकाळाचा विचार करताना त्यांच्या वैद्यकीय व्यवसायाकडे बोट दाखवून थांबणे इष्ट नव्हे. मनाचा हा वैद्य नट म्हणून प्रथम देहाचा अभ्यासक होता.