हिरड्यांचा आजार आणि क्ष-किरणचित्राची साक्ष

कुरुळी-चाकण परिसरातल्या एका दातांच्या दवाखान्यात भिंतीवर दोन क्ष-किरणचित्रे शेजारी लावलेली आम्ही पाहिली. एकाखाली ‘उपचारापूर्वी’, दुसऱ्याखाली ‘उपचारानंतर’. पहिल्यात दातांमधले हाड खचलेले, दुसऱ्यात ते वर आलेले. पायरिया बरा झाल्याचा हा पुरावा! आमच्या मते एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

क्ष-किरणचित्र म्हणजे सावली. वर्गात करून पाहा. एक खडू उभा करा. त्याच्यापुढे, टॉर्चच्या बाजूला, दोन-तीन सेंटिमीटरवर खडूच्या निम्म्या उंचीचा पुठ्ठा ठेवा आणि दोहोंची सावली भिंतीवर पाडा. टॉर्च वर-खाली करताच पुठ्ठ्याच्या सावलीची कड खडूच्या सावलीवर सरकते. पुठ्ठा मात्र तेवढाच असतो. खडूच्या जागी दात आणि पुठ्ठ्याच्या जागी हाड समजा. किरणांचा कोन बदलला, तर उपचाराविनाही हाड ‘वाढते’.

या पट्ट्यातल्या कारखान्यांत धातूचे ओतीव भाग क्ष-किरणांनी तपासणाऱ्यांना हे ठाऊक असते. किरणांच्या दिशेने गेलेली भेग चित्रात उमटते, किरणांना आडवी असलेली बारीक भेग निसटते. जबड्यातही तसेच. दोन दातांमधले हाड दिसते, पण गालाच्या आणि जिभेच्या बाजूचे हाड दाताच्याच सावलीत हरवते. शिवाय हाडातले खनिज साधारण 30 ते 50 टक्के घटेपर्यंत चित्रात फरक नीट कळत नाही. म्हणजे चित्र चांगले असूनही आजार सुरू झालेला असू शकतो. उलट, काही वर्षांपूर्वी झिजलेले हाड आज आजार शांत असतानाही तसेच दिसते, आणि तेवढ्यावरून दात काढायला सांगितले तर दात हकनाक जातो.

म्हणून मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दात यांमध्ये घालून खळग्याची खोली मोजतात, रक्त येते का पाहतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही हिरडीची दातावरची पकड किती सुटली याला पहिला मान आहे. ते माप नसेल तर चित्रातले हाड बघावे. मुळाच्या लांबीच्या 15 टक्क्यांहून कमी हाड गेले तर पहिली पायरी, 33 टक्क्यांपर्यंत दुसरी.

चित्राला आम्ही कमी लेखत नाही. मुळाभोवतीचे हाड पाहायला दुसरे सोपे साधन नाही. पण ती दोन्ही चित्रे फिल्म धरणारी एकच पट्टी वापरून, एकाच कोनातून घेतली होती का? खळग्यांची मापे काय होती? त्या भिंतीवर यातले काहीच लिहिलेले नव्हते.